घरात माणसं किती? कोकणात खर्च मोजताना अडणाऱ्या जागा

राष्ट्रीय खर्च-पाहणीच्या यादीत चारशेच्या वर वस्तू आहेत. तांदूळ, खोबरेल, विडी, रिचार्ज, चपला, डॉक्टरची फी, सगळं. या यादीला घाबरून जाणारे पुष्कळ असतात, पण कोकणात गाडी अडते ती यादी उघडण्याआधीच, पहिल्या प्रश्नाशी: घरात माणसं किती?

आजी म्हणते पाच. ओटीवर दिसतात दोन. उरलेले तिघे, म्हणजे मुलगा, सून आणि नातू, डोंबिवलीला किंवा नालासोपाऱ्याला. त्यांची नावं रेशन कार्डावर आहेत, मतदार यादीत आहेत, गणपतीच्या आरतीत तर आहेतच. पाहणीच्या हिशेबात मात्र ते या घरातले नाहीत. आणि या एका आकड्याने पुढचं सगळं गणित फिरतं.

आधी पाहणीबद्दल थोडं. घरगुती उपभोग खर्च पाहणी केंद्र सरकारचं सांख्यिकी मंत्रालय घेतं. ती ज्या राष्ट्रीय नमुना पाहणीचा, म्हणजे निवडक घरं घेऊन केलेल्या मोजणीचा, भाग आहे ती 1950 पासून चालू आहे आणि तिच्यामागे प्रशांतचंद्र महालनोबिस यांची दृष्टी होती. अलीकडच्या दोन फेऱ्या ऑगस्ट 2022 ते जुलै 2023 आणि ऑगस्ट 2023 ते जुलै 2024 अशा झाल्या. दुसऱ्या फेरीत देशभरातली 2,61,953 घरं होती, त्यातली 1,54,357 ग्रामीण. त्याआधीची 2017-18 ची पाहणी झाली, पण आकड्यांच्या दर्जाचं कारण देऊन सरकारने ती प्रसिद्धच केली नाही. म्हणजे 2011-12 नंतर तब्बल दहा वर्षं देश कसा खातो-पितो याचं अधिकृत चित्र नव्हतं.

पाहणीतून निघणारा मुख्य आकडा म्हणजे माणशी मासिक खर्च. घराचा महिन्याचा एकूण वापर भागिले घरातली माणसं. 2023-24 मध्ये देशाच्या ग्रामीण भागाची सरासरी 4,122 रुपये आली, शहरी भागाची 6,996. फुकट मिळालेल्या धान्याची आणि इतर वस्तूंची किंमत धरली तर अनुक्रमे 4,247 आणि 7,078. ग्रामीण भागातल्या तळच्या पाच टक्के लोकांचा खर्च 1,677 रुपये होता.

आता परत ओटीवर.

चूल एक, घर एक

नियम साधा आहे. जे एकत्र राहतात आणि एकाच चुलीवरचं खातात, ते एक घर. एका छपराखाली दोन भाऊ वेगळं रांधत असतील तर घरं दोन. कोकणातल्या जुन्या चौसोपी घरात माजघर एकच, पण चुली तीन, असं सर्रास दिसतं. तिथे दाराची पाटी एक म्हणून घर एक लिहिलं की चूक झाली. सातबाऱ्यावर किती नावं आहेत याचा इथे काहीही संबंध नाही.

दुसरा नियम सहा महिन्यांचा. नेहमी इथे राहणारा माणूस सहा महिन्यांपेक्षा कमी काळासाठी बाहेर गेला असेल तर तो या घरातच धरायचा. पाहुणा सहा महिन्यांपेक्षा कमी राहणार असेल तर तो धरायचा नाही. वसतिगृहातला मुलगा घराबाहेर. चाकरमानी वर्षातून गणपती, शिमगा आणि मे महिना मिळून जेमतेम महिना-दीड महिना गावी येतो, म्हणून तो मुंबईच्या घरातला. खलाशी म्हणून आठ महिने दुसऱ्या बंदरावर राहणारा मुलगाही इथला नाही, घरी पैसे पाठवत असला तरी.

विचारताना "तुमच्याकडे किती माणसं?" असं विचारलं की उत्तर कुटुंबाचं येतं. "काल रात्री घरात कोण कोण जेवलं?" इथून सुरू करावं, मग "गेल्या वर्षात जास्त दिवस कोण इथे होतं?" हे नाव घेऊन प्रत्येकाबद्दल विचारावं. वेळ लागतो, पण पर्याय नाही.

का नाही, ते एका कल्पित घराच्या हिशेबाने दाखवतो. राजापूरकडच्या एखाद्या वाडीतले आजी-आजोबा समजा. रेशनचं माणशी पाच म्हणजे दहा किलो धान्य फुकट. घरच्या भाताचा तांदूळ महिन्याला आठ किलो, शेतावरच्या भावाने 32 रुपये धरला तर 256. डाळी, साखर, मीठ, रवा-पोहे 700. मासळी सात दिवसांत 300 रुपयांची, ती 30 भागिले 7 ने वाढवली की 1,286. तेल, भाजी, मसाला, चहा सात दिवसांत 350 आणि घरचे सहा नारळ वीसच्या भावाने 120, मिळून 470, महिन्याचे 2,014. खाणं झालं 4,256. गॅस, वीज आणि गोळा केलेल्या लाकडांची किंमत मिळून 1,050. औषधं 1,800, एसटी-रिक्षा 600, फोन 400, साबण वगैरे 350, म्हणजे 3,150. कपडे आणि भांडीकुंडी वर्षाला 9,000, तीस दिवसांचे 740. एकूण 9,196.

दोघांत भागलं तर माणशी 4,598. देशाच्या ग्रामीण सरासरीच्या वर.

मुंबईचा मुलगा चुकून घरात धरला तर तेच 9,196 तिघांत जातात आणि माणशी 3,065 येतात. सरासरीच्या हजाराने खाली. घर तेच, चूल तीच, बांगडाही तोच. सून आणि नातूही धरले तर 1,839 वर येऊन हे घर देशाच्या तळाच्या आसपास बसतं.

याच हिशेबात आणखी एक खोच आहे. औषधांचे 1,800 काढले तर माणशी 3,698 उरतात. म्हणजे या जोडप्याला "सरासरीच्या वर" नेलं ते रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्यांनी. पाहणी खर्च मोजते. माणूस आजारी पडला की खर्च वाढतो आणि कागदावर त्याचं बरं चाललेलं दिसतं. ज्या गावात तरुण मुंबईला आणि म्हातारे मागे राहिलेत, तिथे हा परिणाम पुसट नसतो. त्यातच दोघांच्या घराला वीज, गॅस, फोन यांचा ठरावीक खर्च दोघांतच वाटावा लागतो. पाचांच्या घरात तो पाचांत जातो. म्हणून कोकणातल्या छोट्या घरांचा माणशी खर्च दुसऱ्या भागातल्या मोठ्या घरांशी सरळ तोलणं मला पटत नाही.

रेशनच्या धान्याबद्दल: वरच्या हिशेबात ते शून्य आहे. दुसऱ्या पद्धतीत त्याला भाव लावतात. तीस रुपये किलो धरला तर 300 रुपये वाढून माणशी 4,748 होतात. सरकारी दवाखान्यातला फुकट उपचार आणि शाळेतलं फुकट शिक्षण मात्र दोन्ही पद्धतींत धरत नाहीत. बातमीत आकडा वाचताना तो यातला कुठला, हे आधी बघावं.

सात दिवस, तीस दिवस, वर्ष

प्रत्येक वस्तूसाठी आठवायचा काळ वेगळा आहे. तांदूळ, डाळी, साखर, मीठ यांच्यासाठी मागचे तीस दिवस. मासळी-मटण-अंडी, भाजी, फळं, तेल, मसाला, पान-तंबाखू यांच्यासाठी सात. कपडे, चपला, शाळेची फी, इस्पितळात भरती होऊन झालेला खर्च आणि टिकाऊ वस्तू यांच्यासाठी वर्ष. कारण उघड आहे: मागच्या महिन्यात किती वेळा कोथिंबीर आणली हे कुणालाच आठवत नाही, पण फ्रिज कधी घेतला ते सगळ्यांना आठवतं.

हा काळ बदलला की गरिबीचा आकडाच बदलतो. 1999-2000 च्या फेरीत खाण्याच्या वस्तूंसाठी सात आणि तीस दिवस असे दोन्ही रकाने शेजारी शेजारी छापले होते. लोकांनी, आणि विचारणाऱ्यांनीही, एकाचा मेळ दुसऱ्याशी घालत उत्तरं दिली. त्या वर्षीची गरिबी आधीच्या फेऱ्यांशी तोलता येते की नाही यावर अर्थशास्त्रज्ञ पुढे कित्येक वर्षं भांडत राहिले.

आता तेच घर तीन महिन्यांत तीनदा गाठतात. एका भेटीत खाणं, एकीत किरकोळ वस्तू आणि सेवा, एकीत टिकाऊ वस्तू. तिन्हींचा क्रम घरागणिक बदलतो. एका बैठकीत चारशे वस्तू विचारल्या की तासाभराने समोरची बाई "लिहा हो तुमच्या मनानं" म्हणते, हे जुन्या पद्धतीचं खरं दुखणं होतं. नव्या पद्धतीचं दुखणं वेगळं: पहिल्या भेटीला असलेली आजी तिसऱ्या भेटीला मुंबईला मुलाकडे गेलेली असते आणि दाराला कुलूप.

सात दिवसांच्या खिडकीत कोकणात काय काय येतं ते बघा. श्रावणात पुष्कळ घरांत मासळी बंद. त्या आठवड्यात भेट झाली तर मासळी शून्य, आणि शून्याला कितीही वाढवा, शून्यच. गणपतीत तेच घर पंधरा माणसांना जेवायला घालतं. नियमानुसार पाहुण्यांच्या पानातलं जेवण ते रांधणाऱ्या घराच्या खर्चात जातं, पण भागाकार फक्त घरच्या दोन माणसांनी. माणशी खर्च आभाळाला टेकतो. हजारो घरांच्या सरासरीत हे वर्षभरात पसरून जातं, कारण नमुना बारा महिन्यांत वाटलेला असतो. एका गावातली अठरा घरं घेऊन मात्र कुणी "आमच्या गावात बघा किती खर्च" असं म्हणत असेल तर त्याला महिना विचारावा.

पाहुण्यांच्या ताटांची संख्या वेगळी लिहायची असते. ती विचारायची राहते, कारण "पाहुणे होते का?" याला कोकणात "आपलीच माणसं होती" असं उत्तर येतं.

आगोटीचं प्रकरण याहून अवघड. मे महिन्यात पावसाळ्याची बेगमी होते: सुकट, सोडे, सुके बांगडे, बोंबील, मिरच्या, कांदे, कडवे वाल. चार-पाच हजार एका फटक्यात जातात. खाण्याच्या वस्तूंत पाहणी खरेदी विचारत नाही, वापर विचारते. "गेल्या आठवड्यात काय आणलं?" असं विचारलं तर मे महिन्यात घर श्रीमंत दिसतं आणि जुलैत, मासेमारी बंद असताना, उपाशी. "काय शिजलं?" असं विचारलं की जुलैतली सुकट कागदावर येते, मेमध्ये जो भाव दिला त्या भावाने. ज्यांनी हे काम केलंय त्यांना ठाऊक आहे की दिवसागणिक मागे जात विचारलेलं बरं: काल दुपारी काय, रात्री काय, परवा काय. बाजाराच्या वारापासून सुरुवात केली तर आठवण चटकन खुलते.

वाटा म्हणजे किती किलो?

टॅबलेटवर रकाना किलोचा आणि बंदरावर मासळी मिळते वाट्याने.

"काकी, मासळी किती घेतलीत?"
"दोनशेचा वाटा."
"त्यात काय होतं?"
"बांगडे. सात होते. नाय, सहा. एक मांजरान नेलान."

इथे वाट्याला सरसकट एक किलो लिहिणं ही सगळ्यात नेहमीची चूक. नग विचारायचे, आकार हातावर दाखवायला सांगायचा. मध्यम बांगडा साधारण सव्वाशे ग्रॅम धरला तर सहाचे पाऊण किलो. तिसऱ्या (खाडीतले शिंपले) आणि कालवं कवचासकट तोलली की वजन फसवं येतं. तिसऱ्यांचा वाटा मोजून एकदा स्थानिक तराजूवर घालावा आणि गावापुरता तो आकडा वापरावा. पायलीचंही तसंच. पायली गावागणिक वेगळी, म्हणून घरातली पायली भरून तोलून घ्यावी. भात सांगितलं असेल तर तांदूळ लिहिताना साधारण दोन तृतीयांश धरावा. क्विंटलभर भाताचे गिरणीतून पासष्टेक किलो तांदूळ निघतात. भातालाच तांदूळ समजून लिहिलं की घर दीडपट खाताना दिसतं. नारळ आणि अंडी नगावर लिहायची, तिथे सुख आहे.

मांजराने नेलेला बांगडा? घराने विकत घेतलेला आहे, पण खाल्लेला नाही. एवढ्या तपशिलात शिरू नये. सहा लिहून पुढे जावं.

भाव लावण्याचे नियम तीन प्रकारचे आहेत. विकत घेतलं तर दिलेली किंमत. घरचं पिकवलेलं किंवा पकडलेलं असेल तर जागेवर विकलं असतं तर जो भाव आला असता तो. भेट आलेलं किंवा फुकट गोळा केलेलं असेल तर गावातला किरकोळ भाव. म्हणजे बागेतला नारळ वीसचा आणि शेजारणीने दिलेला तोच नारळ पस्तिसाचा. विचित्र वाटतं, पण कारण आहे: बागायतदाराला वाहतूक आणि दुकानदाराचा नफा भोगावा लागलेला नाही. खाडीत ओहोटीला बायकांनी वेचलेल्या तिसऱ्या किरकोळ भावाने, होडीवाल्याने स्वतःच्या जाळ्यातून घरी नेलेली मासळी बंदरावरच्या भावाने.

चुलीचं जळण जवळजवळ नेहमी गाळलं जातं. "लाकडं विकत घेता का?" याला "नाही" हे खरं उत्तर आहे, आणि मग रकाना रिकामा राहतो. झावळ्या, चुडतं, सोडणं, करवंट्या, कलमांची छाटणी, हे सगळं जळण आहे आणि त्याला किंमत लावायची आहे. गॅस आहे असं सांगणाऱ्या घरातही अंघोळीचं पाणी परसातल्या चुलीवरच तापतं.

स्वतःच्या घराचं भाडं मात्र खर्चात धरत नाहीत. कोकणात भाड्याने राहणारं घर गावात विरळाच. कल्याणमधल्या एका खोलीचं आठ हजार भाडं त्या घराचा खर्च फुगवतं, आणि गुहागरमधलं चिऱ्याचं पाच खणी घर शून्य रुपयांचं. शहर आणि गाव यांच्या खर्चातली दरी बघताना हे विसरलं जातं.

कोण उत्तर देतं

स्वयंपाकघराचा हिशेब बाईकडे. पेट्रोल, तंबाखू, माडी-दारू पुरुषाकडे, आणि ती उत्तरं बाईसमोर मिळत नाहीत. रिचार्ज, ऑनलाइन मागवलेल्या वस्तू, डीटीएच पोराकडे. कोकणात यात चौथा माणूस असतो: मुंबईचा मुलगा. तो विजेचं बिल फोनवरून भरतो, आजोबांचा रिचार्ज मारतो, औषधं घरपोच पाठवतो. आजीला विचारलं तर वीजबिल "येतच नाही". वीज इथे जळते, म्हणून ती इथल्या वापरात आली पाहिजे. भिंतीवरच्या मीटरचा ग्राहक क्रमांक बघून किंवा मुलाला तिथूनच फोन लावून रक्कम घ्यावी. मुलगा पाठवतो ते रोख पैसे खर्च नव्हेत. त्यांतून घरात जे वापरलं गेलं ते खर्चात येतं.

आणि रेशन कार्डाची भीती. टॅबलेट घेतलेला माणूस दिसला की पिवळं कार्ड जाईल, केशरी होईल, या धास्तीने टीव्ही "बंद पडलेला" होतो आणि काजूचं उत्पन्न "या वर्षी काहीच नाही". ही भीती आभाळातून पडलेली नाही. 2002 ची दारिद्र्यरेषेखालील यादी आणि 2011 ची सामाजिक-आर्थिक जात जनगणना या घरोघरच्या मोजण्याच होत्या आणि त्यांचा संबंध योजनांशी होता. नमुना पाहणीचं तसं नाही. 2008 च्या सांख्यिकी संकलन कायद्याखाली घराची माहिती गुप्त राहते. तहसील कचेरीत कुणाचं नाव जात नाही. हे ओटीवर बसल्या बसल्या, पहिल्या प्रश्नाच्या आधी सांगावं. टीव्हीचा प्रश्न आल्यावर सांगून उपयोग नसतो.

रेषा कुठे मारायची

खर्च मोजला तरी गरीब कोण हे वेगळं ठरवावं लागतं. पुण्याच्या गोखले संस्थेतून 1971 साली वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी 2,250 उष्मांकांचा आधार घेऊन 1960-61 च्या भावाने खेड्यात माणशी महिना 15 रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये अशी रेषा मांडली. तेंडुलकर समितीच्या पद्धतीने 2011-12 साठी महाराष्ट्राची रेषा ग्रामीण 967 आणि शहरी 1,126 रुपये होती आणि राज्यातले 17.35 टक्के लोक तिच्याखाली. रंगराजन समितीने 2014 साली देशासाठी ती वर नेली, 972 आणि 1,407. त्यानंतर सरकारने नवी रेषा स्वीकारलेली नाही, म्हणून आज 4,122 च्या शेजारी ठेवायला अधिकृत रेषाच नाही.

त्याऐवजी चर्चा असते बहुआयामी निर्देशांकाची. नीती आयोगाचा हा निर्देशांक राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीवर उभा आहे. आरोग्य, शिक्षण, राहणीमान असे तीन समान भाग आणि त्यात बारा निकष. वंचिततेची बेरीज एक तृतीयांश किंवा जास्त झाली की घर गरीब. 2015-16 मध्ये देशात 24.85 टक्के, 2019-21 मध्ये 14.96 टक्के, महाराष्ट्रात 14.80 वरून 7.81.

आपल्या आजी-आजोबांना यात घालून बघू. दोघंही चौथी शिकलेली. घरात कुणीही सहा वर्षं शाळा केलेली नसली की वंचिततेच्या बेरजेत एक षष्ठांश लागतो. स्वयंपाक मुख्यतः चुलीवर, एक एकविसांश. जमीन शेणाने सारवलेली, ती नैसर्गिक साहित्याची, म्हणून आणखी एक एकविसांश. भिंती जांभ्या चिऱ्याच्या आणि छप्पर कौलारू असलं तरी. पाणी उघड्या, कठडा नसलेल्या विहिरीचं, आणखी एक. बेरीज 0.31. उंबरठा 0.33. घर गरीब नाही. संडास शेजाऱ्यांशी सामाईक असेल तर बेरीज 0.36 होते आणि घर गरीब.

पोषण, बालमृत्यू, बाळंतपणातली काळजी, शाळेतली हजेरी या निकषांवर या घराला काहीच लागू होत नाही, कारण ते मुलं आणि पंचावन्नच्या आतली माणसं असलेल्या घरांसाठी आहेत. लागू नसलेला निकष "वंचित नाही" असा धरला जातो. आजीचं वजन कुणी करत नाही. ज्या जिल्ह्यांत म्हाताऱ्यांची घरं जास्त, तिथे हा निर्देशांक आपोआप खाली येतो, असं माझं मत आहे.

पाण्याचा निकष तर सरळ ऋतूवर टांगलेला. सुरक्षित पाणी जाऊन-येऊन अर्ध्या तासात मिळालं पाहिजे. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, पण जांभा दगड पाणी धरत नाही. ते खाली उतरून समुद्राला जातं. ऑक्टोबरात दारची विहीर तुडुंब, त्याच विहिरीच्या तळाशी एप्रिलमध्ये कळशी बुडत नाही आणि वाडीवर टँकर येतो. एकदाच विचारलेल्या प्रश्नात घर कुठल्या महिन्यात सापडलं, यावर उत्तर ठरतं. निदान स्थानिक पातळीवर ग्रामपंचायत स्वतःची मोजणी करत असेल तर पाण्याचा प्रश्न दोनदा विचारावा, मे महिन्यासाठी वेगळा.

जी घरं यादीतच येत नाहीत

नमुना निवडण्याआधी निवडलेल्या गावातल्या, किंवा गाव मोठं असलं तर त्याच्या एका भागातल्या, सगळ्या घरांची यादी करतात. कोकणात एका महसुली गावाच्या आठ-दहा वाड्या डोंगरउतारावर विखुरलेल्या असतात. रस्त्याकडेची वाडी पूर्ण होते आणि साकवापलीकडची अर्धी राहते. बंद घर दिसलं की "मुंबईवाल्यांचं" म्हणून खूण करतात. पुष्कळदा ते खरंही असतं. पण रायगड जिल्ह्यातल्या कातकरी वाडीत दिवाळीनंतर दिसणारं बंद झोपडं मुंबईवाल्यांचं नसतं. ते कुटुंब वीटभट्टीवर किंवा कोळसा पाडायला गेलेलं असतं, पावसाच्या तोंडावर परतणारं. वाडीत ते "बाहेर गेलेले" आणि भट्टीवर "इथले नव्हेत". दोन्ही याद्यांतून निसटणारं हे घर सगळ्यात गरीब असतं.

आंब्याच्या बागेतल्या मांगरात राहणारा नेपाळी राखणदार, बंदरावर बोटीतच झोपणारे परप्रांतीय खलाशी यांचंही तसंच. बागायतदाराच्या घराच्या मागे दीड किलोमीटरवर कुणी राहतं का, हे विचारल्याशिवाय कळत नाही. राखणदार तिथे सहा महिन्यांहून जास्त राहणार असेल तर त्याचं वेगळं घर लिहायचं. शेजाऱ्यांना विचारताना "इथे कोणाचं घर आहे?" असं न विचारता "रात्री कुठे कुठे दिवा दिसतो?" असं विचारलं तर हे मांगर सापडतात.

2022-23 च्या फेरीत यादीतली घरं गटांत वाटायला गावात जमिनीचा आणि शहरात मोटारीचा आधार घेतला होता. पंजाबात जमीन म्हणजे पैसा असेल. इथे पाच एकर वरकस कातळावर गवताशिवाय काही उगवत नाही, तर वीस गुंठ्यांत हापूसची कलमं असलेला सुखी. शिवाय सातबारा सामाईक. जमीन कागदावर चौदा जणांची, कसतो एक. म्हणून मालकीचं क्षेत्र आणि प्रत्यक्ष ताब्यातलं क्षेत्र वेगळं विचारावं लागतं आणि पोट हिस्सा आजोबांनाच नीट माहीत असतो.

शेवटी, हे आकडे तालुक्याला लावू नका. नमुना पाहणीत कोकणचा विभाग एकच, आणि त्यात मुंबई, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग सगळे येतात. त्या सरासरीत मंडणगड दिसणारच नाही. जानेवारी 2025 पासून राष्ट्रीय नमुना पाहण्यांत जिल्हा हा नमुन्याचा मूळ घटक करायला सुरुवात झाली आहे, त्यामुळे जिल्ह्याचे आकडे काढणं शक्य होईल. तेव्हाही सिंधुदुर्गातून किती घरं नमुन्यात आली आणि आकड्याच्या मागेपुढे किती चूक धरायची, हे तक्त्याच्या खाली बारीक अक्षरात दिलेलं असतं. तेवढं वाचल्याशिवाय रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या दीडशे-दोनशे रुपयांच्या फरकावर लेख लिहू नये.